चाकू सुंदर आहे, पण कापणार काय?

रील्समध्ये तो चाकू तुम्हीही पाहिला असेल. बर्फाळ जंगल, शेकोटी, लोकरीची टोपी घातलेला एक दाढीवाला माणूस आणि त्याच्या हातात पिवळसर लाकडी मुठीचा छोटासा चाकू. तो एक काटकी उचलतो, तिच्यावरून पातं फिरवतो आणि लाकडाच्या पातळ, कुरळ्या साली सुटत जातात. आवाज इतका छान की पुन्हा ऐकावासा वाटतो. खाली ‘हँडमेड’, ‘स्कँडिनेव्हियन’, ‘बुशक्राफ्ट’ असे हॅशटॅग. मग ट्रेकिंगच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ‘हा इकडे कुठे मिळेल रे?’ उत्तरात किंमत येते. अर्धा ग्रुप गप्प होतो आणि उरलेला अर्धा साठवलेले पैसे मोजायला लागतो.

हा लेख त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी आहे.

घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. हातानं घडवलेली एखादी वस्तू आवडणं, तिच्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकणं यात वाईट काही नाही. दर दोन वर्षांनी फोन बदलण्यापेक्षा तर बरंच. माझी तक्रार वेगळी आहे. आपण हा चाकू फोटो बघून निवडतो. फोटोत दिसते मूठ, फार तर म्यानावरची नक्षी. धार फोटोत दिसत नाही, पोलाद दिसत नाही, मुठीच्या आत काय आहे ते दिसत नाही. आणि आपल्याला त्यानं नक्की काय कापायचंय, हा प्रश्न तर आपण स्वतःला विचारतच नाही. चांगल्या कारागिराचा चाकू शंभर युरोच्या आत क्वचितच मिळतो, दोनशे-तीनशे युरो सहज होतात, वर पोस्टेज आणि कस्टम ड्युटी. एवढे पैसे टाकून वस्तू कपाटात पडणार असेल, तर त्या कारागिराच्या मेहनतीचाही तो अपमानच.

आधी हा चाकू त्याच्या घरी काय काम करतो ते बघू. फिनलंडमध्ये त्याला ‘पूक्को’ म्हणतात. ‘पू’ म्हणजे लाकूड (हसू नका, त्यांच्या भाषेत तोच अर्थ आहे), आणि त्यावरूनच हे नाव आलं असं मानलं जातं. भूगोलाच्या काटेकोर अर्थानं फिनलंड स्कँडिनेव्हियात येत नाही. पण चाकूंच्या जगात फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि या तिन्ही देशांच्या उत्तरेला राहणारे सामी लोक, सगळ्यांचे चाकू एकाच नावाखाली विकले जातात. पूक्कोचं पातं साधारण आठ ते दहा सेंटीमीटर, म्हणजे आपल्या तळहाताच्या रुंदीएवढं किंवा थोडं जास्त. पाठ सरळ, टोक साधं. या चाकूनं चमचा कोरायचा, मासा साफ करायचा, शेकोटीसाठी लाकूड तासायचं, पाव कापायचा. मारामारीसाठी त्याची रचनाच नाही. म्हणूनच पातं आणि मूठ यांच्यामध्ये बोटं अडवणारी आडवी पट्टी त्याला नसते. कोरताना ती मध्ये येते.

या चाकूतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिथल्या थंडीमुळे आणि तिथल्या झाडांमुळे तशी झाली आहे. मूठ लाकडाची का? उणे वीस तापमानात उघड्या लोखंडाला हात लावून बघा म्हणजे कळेल. पात्याचा मुठीत शिरणारा भाग म्हणूनच बारीक असतो. तो मुठीच्या पोटातून जातो आणि बऱ्याच चाकूंमध्ये मागच्या टोकाला ठोकून बसवलेला असतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या काही सुऱ्यांना मुठीच्या दोन्ही कडांना लोखंड दिसतं, तसं इथे दिसत नाही. बर्च झाडाची साल चौकोनी तुकडे करून, एकावर एक दाबून केलेली मूठ मिळते. ती हलकी असते, ओल्या हातातून सटकत नाही आणि थंडीत हाताला उबदार लागते. फिनलंडमध्ये एका खास जातीच्या बर्चचं लाकूड मुठींसाठी फार मानाचं. त्यात तपकिरी रेघा आणि डोळ्यांसारखे ठिपके असतात. सामी लोक रेनडियरचं शिंग वापरतात, कारण रेनडियर हेच त्यांचं गोधन. म्हणजे जे हाताशी होतं त्यातून हा चाकू झाला. आपण मात्र ते फोटोत बघून ‘काय एस्थेटिक आहे’ म्हणतो. आहेच. पण ते सौंदर्य कामातून आलंय.

आता धार. इथे थोडं तांत्रिक बोलावं लागेल, पण चाकू निवडताना सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

बहुतेक चाकूंना दोन उतार असतात. पातं वरून खाली निमुळतं होत येतं आणि अगदी शेवटी, केसाएवढ्या पट्टीत, दुसरा तिरका उतार दिलेला असतो. स्कँडिनेव्हियन चाकूला सहसा एकच उतार असतो. पातं अर्ध्याहून अधिक उंचीपर्यंत सपाट, एकसारख्या जाडीचं येतं आणि मग दोन्ही बाजूंनी थेट धारेपर्यंत उतरतं. दोन्ही बाजू मिळून हा कोन साधारण तेवीस ते पंचवीस अंशांचा. फायदा काय? लाकूड तासताना तो रुंद सपाट उतार लाकडावर टेकतो आणि रंध्यासारखा चालतो. किती खोल जायचं ते हाताला आपोआप कळतं. रीलमधल्या त्या कुरळ्या साली यातूनच निघतात. दुसरा फायदा नवशिक्यांसाठी. धार लावताना कोनाचा अंदाज घ्यायची गरज नाही. उतार दगडावर सपाट टेकवायचा आणि घासायचं. तिकडच्या मुलांना ते लहानपणीच जमतं. स्वीडनमध्ये ‘स्लॉयड’ म्हणजे हस्तकला हा शाळेत आजही सक्तीचा विषय आहे आणि फिनलंडनं तर १८६६ पासूनच हस्तकलेला शाळेत जागा दिली. त्यामुळे तिथल्या बऱ्याच मुलांना हत्यार कसं धरायचं हे रील बघून शिकावं लागत नाही.

याच धारेमुळे एक पथ्यही येतं. हा चाकू गल्लीत येणाऱ्या धारवाल्याला चुकूनही देऊ नका. त्याचं काम वाईट असतं असं नाही. आपल्या विळ्या, कात्र्या त्याच चालवतात. पण त्याचं फिरतं चाक या सपाट उताराला गोल करतं, आणि घर्षणानं पात्याची कड फार तापली तर पोलादाचं पाणी उतरतं. ‘पाणी’ हा आपल्या लोहारांचा शब्द. पोलाद तापवून थंड करून त्याला जो कडकपणा देतात, तो. एकदा ते उतरलं की दोनशे युरोचा चाकू आणि बाजारातला पन्नास रुपयांचा चाकू सारखेच. धार लावायचा सपाट दगड घ्यायचा, बारीक आणि मध्यम, आणि स्वतः शिकायचं. दगड घ्यायची आणि त्यावर बसायची तयारी नसेल तर हँडमेड चाकूचा विषय इथेच थांबवा. खरंच सांगते.

आता आपल्याकडे येऊ. आपल्यापैकी बहुतेकांचं ‘आउटडोअर’ म्हणजे सह्याद्री. तिथे चाकूनं आपण काय करतो, प्रामाणिकपणे आठवा. कांदा, टोमॅटो, काकडी. दोरी. मॅगीचं पाकीट, जे दातानंही फाटतं. कधीतरी पेरू किंवा आंबा. लाकूड तासायची वेळ किती वेळा आली? या यादीत जाड पात्याचा, लाकडासाठी बनवलेला चाकू नापास होतो. साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचं ते पातं कांद्यात किंवा गाजरात शिरतं तेव्हा पाचरीसारखं काम करतं. अर्धं कापतं आणि पुढे गाजर कटकन तडकतं. चकत्या सारख्या पडत नाहीत. लाकडात जो गुण, तोच भाजीत दोष. म्हणून फक्त ट्रेकसाठी घ्यायचा असेल तर अडीच मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पातं बघा. कारागिराला मासे साफ करण्यासाठी किंवा जेवणासाठी हवा असं सांगितलं तर तो तसा देतो. रीलमधला जाडजूड ‘सर्व्हायव्हल’वाला मागू नका.

पोलादाचंही तसंच. पारंपरिक पूक्को कार्बन स्टीलचा. त्याला धार पटकन लागते, ती तासून आणता येते, पण तो गंजतो. ज्यांच्या घरात आजीची जुनी लोखंडी विळी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. लिंबू किंवा कैरी चिरून विळी तशीच ठेवली की काळी पडते, पावसाळ्यात तांबूसही होते. आजी ती धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवायची. कार्बनचा चाकूही तेवढंच मागतो, पण दर वेळी मागतो. जुलैमध्ये हरिश्चंद्रगडावर सगळं अंग, सॅक, झोपायची मॅट भिजलेली असताना तुम्ही चाकू पुसून त्याला तेलाचं बोट लावणार आहात का? लावणार असाल तर घ्या, घरचं खोबरेल चालतं. नसाल तर स्टेनलेस घ्या आणि त्यात काही कमीपणा मानू नका. स्वीडनमध्ये तयार होणारं ‘१२सी२७’ हे स्टेनलेस पोलाद अनेक नॉर्डिक चाकूंमध्ये असतं आणि त्याला उत्तम धार येते. नॉर्वेच्या होल्मेदालमधली १९३२ पासूनची ‘हेले’ ही कंपनी तीन थरांचं पातं वापरते. मधे कडक पोलाद, बाहेर दोन मऊ थर. धार मधल्या थराची, धक्का सोसायला बाहेरचे. ‘स्टेनलेस म्हणजे अस्सल नाही’ असं ट्रेकिंगवाले काही सीनिअर्स ठासून सांगतात. त्यांना एक पावसाळा कार्बनचा चाकू सांभाळायला द्यावा.

‘हँडमेड’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा लागतो. त्याचे किमान तीन अर्थ बाजारात फिरतात. एकात कारागीर भट्टीत पोलाद तापवून, ठोकून पातं स्वतः घडवतो, त्याला पाणी देतो, मूठ करतो, म्यानही शिवतो. दुसऱ्यात पातं तयार विकत घेतलेलं असतं. फिनलंडमध्ये केवळ पाती बनवून चाकूकारांना पुरवणारे कारखाने आहेत. कारागीर त्याला मूठ आणि म्यान करतो. तिसऱ्यात कारखान्यातच सगळं होतं, फक्त शेवटचं घासकाम, जुळवणी माणसाच्या हातानं होते. तिन्हींत खोटं काही नाही. दुसऱ्या प्रकारातला चाकू उत्तम असू शकतो, कारण पातं भरवशाचं आणि मूठ तुमच्या हाताच्या मापाची. पण किंमत मात्र पहिल्या प्रकाराची लावली जाते तेव्हा गडबड होते. म्हणून थेट विचारायचं: पातं कुणी घडवलं? पोलाद कोणतं? पाणी कुणी दिलं? चांगला कारागीर या प्रश्नांनी खूश होतो आणि दोन पानांचं उत्तर पाठवतो. उत्तरात नुसती बर्फाची आणि लांडग्यांची वर्णनं आली तर पुढचा दुकानदार बघा. ‘व्हायकिंग’ शब्द पदोपदी दिसला तर दोनदा विचार करा, हे माझं आगाऊ मत.

सामी चाकूंबद्दल जास्तच जपायला हवं. त्यांचा मोठा चाकू, ‘लेउकू’, हे वेगळंच हत्यार. हातभर नाही, पण वीसेक सेंटीमीटरचं रुंद पातं, बारीक फांद्या तोडायला कुऱ्हाडीसारखं वापरायचं. लहान चाकू वेगळा. शिंगाची मूठ, शिंगाचंच वाकडं म्यान, त्यावर बारीक कोरीवकाम. गाव, घराणं बदललं की नक्षी बदलते. स्वीडनच्या उत्तरेला योकमोक गावी दर फेब्रुवारीत जत्रा भरते, चारशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे तिची. तिथे हे कारागीर स्वतः बसतात. याच नक्षीची नक्कल करून स्वस्तात विकलेली सुव्हेनिअर्सही भरपूर आहेत. सामींच्या हस्तकलेला ‘दुओद्यी’ म्हणतात आणि अस्सल वस्तूवर त्या नावाची खूण असते. ती बघा. एखाद्या समाजाची नक्षी दुसऱ्यानं छापून विकणं म्हणजे काय, हे आपल्याला वारलीच्या बाबतीत कळतंच की. शिंगाची वस्तू इकडे आणताना मात्र कस्टमचे नियम आधी विचारून घ्या. आउटडोअर वापरासाठी तरी लाकडी मूठ पुरते.

मग सुरुवात कशानं करायची? माझं उत्तर ऐकून बुशक्राफ्टवाले नाराज होतील, पण कारखान्यातल्या चाकूनं. स्वीडनच्या दालार्ना भागात मोरा नावाचं गाव आहे. तिथे चाकू बनवण्याची परंपरा जुनी, आणि आजच्या मोराक्निव्ह कंपनीची मुळं १८९१ पर्यंत जातात. त्यांचा प्लास्टिक मुठीचा साधा चाकू तिकडे सुतार, इलेक्ट्रिशिअन, मच्छीमार, सैनिक सगळे वापरतात. हँडमेडच्या किमतीच्या एका लहानशा भागात तो येतो आणि धार तीच, एकाच उताराची. फिनलंडच्या रोव्हानिएमीत १९२८ मध्ये सुरू झालेली ‘मार्तीनी’ही साधे, परवडणारे पूक्को बनवते. एक वर्ष असा चाकू वापरा. दगडावर धार लावायला शिका, बिघडवा, पुन्हा लावा. वर्षाअखेरीला तुम्हाला स्वतःलाच कळेल की मूठ जाड हवी होती की बारीक, पातं लांब होतं की पुरेसं, मुळात चाकू सॅकमधून किती वेळा बाहेर निघाला. मग कारागिराकडे जाल तेव्हा त्याला सांगायला तुमच्याकडे काहीतरी असेल. हातानं बनवून घेण्याचा सगळा अर्थच तो आहे ना, की समोरचा माणूस तुमचं ऐकून बनवतो. सांगायलाच काही नसेल तर कारखाना बरा.

या चाकूचा एक वापर रील्समुळे फारच बोकाळलाय. चाकू लाकडाच्या ओंडक्यावर ठेवायचा आणि दुसऱ्या दांडक्यानं त्याच्या पाठीवर ठोकत ओंडका फाडायचा. दिसायला जबरदस्त. पण ज्या देशांतून हा चाकू आला तिथे त्याची जोडी कुऱ्हाडीशी असते. ओंडका कुऱ्हाडीनं, बारीक काम चाकूनं. मुठीत बारीक शेपटी असलेल्या हँडमेड चाकूवर असे घाव घातले की मूठ तडकते किंवा पातं हलायला लागतं, आणि मग कारागिराच्या नावानं खडे फोडले जातात.

आणि ओंडका आणणार कुठून? हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. भीमाशंकर अभयारण्य आहे, कोयना आहे. तिथे लाकूड तोडणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी पायथ्याच्या गावातल्या लोकांच्या रानातलं झाड आपण प्रॅक्टिससाठी का तोडावं? ‘तिकडे तर सगळं फ्री आहे’ हाही गैरसमज. स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमध्ये कुणाच्याही जंगलात पायी फिरायचा, रानमेवा वेचायचा हक्क सगळ्यांना आहे, हे खरं. पण त्या हक्कात जिवंत झाड तोडणं किंवा त्याची फांदी मोडणं बसत नाही, आणि फिनलंडमध्ये शेकोटी पेटवायलाही जमीनमालकाची परवानगी लागते. लाकूड तासायची हौस असेल तर सुताराकडचे उरलेले तुकडे मागा, सोसायटीत आंब्याची छाटणी झाली की एखादी फांदी घरी आणा. बाल्कनीत बसून चमचा कोरा. तेही बुशक्राफ्टच, बुश नसलं तरी.

आता जरा अवघड विषय. चाकू आणि तरुण मुलं हे दोन शब्द आपल्याकडे एकत्र आले की घरातल्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि ‘कोयता गँग’च्या बातम्या वाचल्यावर त्या पडू नयेत अशी अपेक्षाही करता येत नाही. कोयता बिचारा शेतकऱ्याचा, ऊसतोड मजुराचा. तो हातात घेऊन रील करणाऱ्यांनी त्याचं नाव घालवलं. गंमत म्हणजे पूक्कोचंही असंच झालं होतं. एकोणिसाव्या शतकात पश्चिम फिनलंडच्या ऑस्ट्रोबोथ्निया भागात चाकूबाज टोळ्यांची दहशत होती. लग्नात घुसायचं, भांडण उकरायचं, चाकू काढायचा. त्यांच्यासाठी फिनिश भाषेत ‘पूक्कोयुंकारी’ असा खास शब्दच आहे. काउहावा हे गाव त्यांच्यासाठी कुप्रसिद्ध होतं. त्याच काउहावात पुढे चाकू बनवण्याचा धंदा वाढला, घोड्याच्या तोंडाची मूठ असलेला तिथला पूक्को प्रसिद्ध झाला आणि आज तिथे चाकूंचा महोत्सव भरतो. आज फिनलंडमध्ये पूक्को भेट मिळणं हा मान समजला जातो. पण कामाचं कारण नसताना तो सार्वजनिक ठिकाणी बाळगायला कायद्यानं बंदीही आहे. स्वीडन आणि नॉर्वेतही तसंच. मासेमारीला जाताना कमरेला चाकू, चालेल. रात्री शहरातल्या चौकात तोच चाकू, पोलीस थांबवणार. मला हे पटतं. चाकूचा मान आणि चाकूवरचं बंधन तिथे एकत्र नांदतंय.

आपल्याकडे शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांमध्ये मोजले जातात. घरगुती, शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. पूक्को या मापाच्या कितीतरी आत आहे. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. सणासुदीला, निवडणुकीला किंवा शहरात तणाव असला की पोलीस जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश काढतात, तेव्हा माप दाखवून वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून चाकू म्यानात, म्यान सॅकच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळून. कमरेला लटकवून लोकलमध्ये किंवा एसटीत चढायचं नाही. कॉलेजमध्ये तर न्यायचाच नाही, ‘फक्त दाखवायला’ही नाही. तिकडे शिकायला गेलेल्या ताई-दादाकडून मागवत असाल तर त्यांना चेक-इन बॅगेत टाकायला सांगा. केबिन बॅगेत सापडला तर विमानतळावरच सोडून यावा लागेल.

म्यानाचं बघायचं राहिलं, आणि फोटोत सगळ्यात जास्त फसवतं तेच. पारंपरिक पूक्कोचं चामड्याचं म्यान खोल असतं, अर्धी मूठही आत जाते आणि नुसत्या घट्टपणावर चाकू धरला जातो. बटण नाही, पट्टा नाही. म्हणून चाकू हातात आला की पहिलं काम: म्यान उलटं धरून जरा हलवा. चाकू खाली सरकला तर परत पाठवा, कारण खडकाळ वाटेवर घसरून पडाल तेव्हा तो कुठे असेल सांगता येत नाही. आतून लाकडाचं किंवा प्लास्टिकचं अस्तर आहे का बघा. नुसतं चामडं असेल तर टोक आरपार येऊ शकतं. आणि ट्रेकवरून परतल्यावर चाकू म्यानात ठेवायचा नाही. चामडं ओल धरतं, कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याला बुरशीही येते, आत पातं गंजत बसतं. चाकू वेगळा, म्यान वेगळं, पंख्याखाली.

बोटं अडवणारी पट्टी नसल्याचा उल्लेख वर आलाच. हात ओला किंवा तेलकट असेल आणि टोक कशात तरी जोरात खुपसलं तर हात सरळ धारेवर जातो. त्यामुळे खुपसायचं नाही, नारळाचं तोंड उघडायला तर नाहीच. बसून काम करायचं, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, पातं अंगापासून लांब. हाताच्या टप्प्यात दुसरं कुणी नको. गडाच्या माथ्यावर बोटाची शीर कापली तर टाके घालणारा डॉक्टर दोन-तीन तासांच्या उतरणीनंतर भेटतो, तेही उतरता आलं तर.

एवढं सगळं वाचूनही हँडमेडच हवा असेल तर घ्याच, आणि कारागिराला नीट मेल लिहा. चार बोटं एकत्र ठेवून तळहाताची रुंदी मोजा, मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंतची लांबी मोजा. डावखुरे असाल तर आवर्जून लिहा, म्यान त्याप्रमाणे शिवलं जातं. हवामान दमट आहे, वर्षातले चार महिने पाऊस असतो, हे सांगा. आणि काय कापणार ते लिहा. कांदा-टोमॅटो लिहायला लाजू नका.